पडद्यावरचा भाऊ

आल्टूना, पेनसिल्व्हेनिया
१२ नोव्हेंबर १९१०

प्रिय डॉर,

तुझं पत्र गावोगाव माझ्या मागे फिरत अखेर इथे सापडलं. पाकिटाची अवस्था माझ्या बुटांसारखी झाली आहे.

जेवतोस का वेळेवर, असं विचारलं आहेस. वेळेवर जेवतो, फक्त वेळ घरमालकिणीची असते. नट म्हटलं की या बाया आधी भाड्यापोटी ट्रंक ताब्यात घेतात आणि मग सूप वाढतात, तेही असं की ताटलीच्या तळाची फुलं दिसावीत.

या हंगामात मी खलनायक आहे. गिरणीचा मालक. दुसऱ्या अंकात एका अनाथ मुलीला बर्फात हाकलून देतो. कंपनीत माणसं कमी, त्यामुळे पहिल्या अंकात मेलेला म्हातारा तिसऱ्यात दाढी लावून न्यायाधीश होतो. काल पुढच्या रांगेतून एक बाई ओरडली, "अहो, हा तर मघाशी मेला होता!" मी आरोपीच्या पिंजऱ्यातून म्हणालो, "म्हणूनच बाईसाहेब, इतका निःपक्षपाती आहे." थिएटर खो खो हसलं. मॅनेजर मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.

हसायला माणसं तरी किती होती म्हणा. समोरच्याच रस्त्यावर पाच सेंटांत हलती चित्रं दाखवतात. ना आवाज, ना शब्द, नुसती धावाधाव. गाव तिकडे लोटतं आणि आम्ही रिकाम्या खुर्च्यांसमोर मरतो.

माझा आवाज मात्र या वर्षी पिकला आहे. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला माझी कुजबुजसुद्धा ऐकू जाते. पपांचाच आवाज आहे तो, त्यांनी मान्य करो वा न करो. ते स्वर्गाचं सांगतात, मी गहाणखताचं, एवढाच फरक.

तू एकदा ऐकायला हवं होतंस. तक्रार नाही करत. पाद्र्याच्या घरात राहून नाटकाला जाणं म्हणजे काय, हे मी विसरलेलो नाही.

तुझा,
जोएल


कार्व्हर्स लँडिंग, ओहायो
४ डिसेंबर १९१०

प्रिय जोएल,

टेलिफोन एक्स्चेंजच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. नदीला धुकं आहे, म्हणून गाव घरात आहे, आणि गाव घरात असलं की माझ्या कानात असतं. मिसेस प्रुएटने आत्ताच बहिणीला अ‍ॅपल पाय भाजायची कृती सांगितली आणि त्यात मीठ विसरली. मला मधे तोंड घालायची परवानगी नाही. रविवारी तो अ‍ॅपल पाय चर्चमध्ये येईल आणि मी खाणार नाही.

पपा बरे आहेत. तुझं नाव घरात निघत नाही, पण एक सांगते. मागच्या आठवड्यात ब्रश विकणारा एक माणूस आला होता. त्याने तुला व्हीलिंगला पाहिलं होतं. म्हणाला, "पाद्रीसाहेब, तुमच्याच आडनावाचा एक नट आहे, फेरिस म्हणून. काय आवाज आहे हो! डोळे मिटले तर वाटावं तुम्हीच बोलताय." पपांनी एक ब्रश घेतला, त्याचे आभार मानले आणि लाकडं फोडायला मागच्या अंगणात गेले. लाकडं सगळी आधीच फोडलेली होती.

नाताळला ये, असं लिहावंसं वाटतं. लिहीत नाही.

गळ्याला फ्लॅनेल बांधत जा.

डॉर्कस


न्यूयॉर्क
२० मे १९११

प्रिय डॉर,

कंपनी संपली. हॅरिसबर्गला सकाळी उठलो तर मॅनेजर नव्हता, पडदे नव्हते आणि न्यायाधीशाची दाढीही नव्हती.

आता जे लिहितो ते पपांना सांगू नकोस. नाटकवाला मुलगा त्यांनी मेला असं मानलं आहे, याच्या खालची पायरी त्यांच्याकडे नसेल. मी हलत्या चित्रांत काम करतो. रोज सकाळी फेरी बोटीने नदीपलीकडे न्यू जर्सीला जातो. तिथे काचेच्या छपराची एक मोठी खोली आहे, टोमॅटो वाढवायला बांधतात तशी. तोंडाला पिवळा रंग फासून आम्ही त्यात शिजतो.

पहिल्याच दिवशी मी छाती भरून वाक्य म्हटलं. दिग्दर्शक हसत सुटला. "अरे बाबा, कोणाला ऐकवतोस? तोंड हलव म्हणजे झालं. पाढे म्हण, शिव्या दे, किराण्याची यादी म्हण. पडद्यावर मधे येणाऱ्या पाटीवर काय लिहायचं ते आम्ही बघू." अकरा वर्षं जो आवाज घोटला, त्याचं हे झालं.

पडद्यावर आमची नावंही येत नाहीत. ते एक बरं आहे. जुन्या नटमंडळींपैकी कोणी रस्त्यात दिसलं की मी दुकानाच्या काचेत टोप्या बघत उभा राहतो.

तुझं कसं चाललं आहे? तुझ्या पत्रात सगळं गाव असतं, तू नसतेस.

जोएल


कार्व्हर्स लँडिंग
३ मार्च १९१२

प्रिय जोएल,

पेन्सिलीने लिहिते आहे.

तार तुला उशिरा मिळाली हे समजलं. तू चित्राच्या कामाला फ्लोरिडात होतास त्यात तुझा काय दोष. जानेवारीत गावात ताप आला. पपा आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जात होते, मी त्यांच्यामागे सूपचं भांडं घेऊन. दोघंही एकदमच पडलो. मी उठले.

पण कान गेले, जोएल. दोन्ही. आधी वाटलं की बर्फामुळे गाव गप्प आहे. मग पाहिलं, शेजारच्या मिसेस योकम माझ्या पलंगाशी उभ्या राहून तोंड हलवत होत्या आणि रडत होत्या. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं, 'परत येणार नाहीत.' त्यांचं अक्षर सुंदर आहे.

तू विचारणार, म्हणून आधीच लिहिते. पपांनी शेवटी तुझं नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या दिवशी ते पुष्कळ बोलले. मी त्यांचा हात धरून बसले होते. मला ऐकू येत नव्हतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

एक्स्चेंजचं काम गेलं, हे लिहायला नकोच. मिस टॉलिव्हरच्या टोप्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फिती शिवते. फितींना आवाज नसतो.

आता येऊ नकोस. व्हायचं ते होऊन गेलं.

डॉर्कस


न्यूयॉर्क
९ मार्च १९१२

डॉर,

पत्र चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. येऊ नकोस म्हणालीस, म्हणून येत नाही. तू एक शब्द लिहिलास तर निघेन.

माझं एकही वाक्य आता तू कधी ऐकणार नाहीस. हेच मनात येत राहतं. किती स्वार्थी आहे बघ मी.

जोएल


कार्व्हर्स लँडिंग
१७ नोव्हेंबर १९१२

प्रिय जोएल,

काल मी तुला पाहिलं.

पहिल्यापासून सांगते. मिसेस योकमची आई म्हातारपणी बहिरी होती, ती ओठ बघून बोलणं ओळखायची. मिसेस योकमनी मला तसंच शिकवलं. उन्हाळाभर आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचो. आता समोरचा माणूस दाढीवाला नसेल आणि तंबाखू चघळत नसेल, तर मला बरंच कळतं.

घोड्यांच्या जुन्या तबेल्यात आता हलती चित्रं दाखवतात. पावसाळी दिवशी अजूनही घोड्यांचा वास येतो. पपांच्या मुलीने तिथे जावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला आणि मग बाजारात निघाल्यासारखी टोपली घेऊनच गेले.

तू आलास. दारातून आत आलास आणि हॅट काढलीस. जोएल, तुझे केस कपाळावरून मागे गेले आहेत. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग बागेतला प्रसंग आला. तू त्या मुलीचा हात धरलास, डोळे असे भरून आणलेस की माझ्या शेजारच्या बाईने रुमाल काढला. पाटीवर आलं, 'प्रिये, तुझ्यावाचून सूर्यही मला काळा.' आणि तुझे ओठ काय म्हणत होते? "मेबल, माझ्या पायावरून उतर. आणि उद्यापासून कांदा खाऊन येऊ नकोस." मी हसले. खूप मोठ्याने हसले असणार, कारण सगळी डोकी वळली. किती मोठ्याने, ते मला कळत नाही.

शेवटी तो म्हातारा मरतो. तू त्याच्या पलंगाशी गुडघे टेकतोस. पाटीवर लिहिलं होतं, 'आता सूड घेईन!' पण तू ते म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "पपा, एकदा तरी बघायला यायचं होतं. मी वाईट नव्हतो हो."

दिवे लागले तरी मी बसून राहिले. मालक झाडू घेऊन समोर उभा राहिला, तेव्हा उठले.

तू वाईट नाहीस. चांगला आहेस. फार चांगला आहेस.

डॉर्कस


न्यूयॉर्क
२५ नोव्हेंबर १९१२

डॉर!

तुझं पत्र फेरी बोटीवर वाचलं आणि उतरायचं विसरलो. बोट मला परत घेऊन आली.

ते शब्द मी कोणासाठीच बोललो नव्हतो. कॅमेऱ्याचं हँडल फिरत होतं, दिग्दर्शक "रड, रड!" म्हणत होता, आणि तोंडातून ते निघालं. वाटलं होतं, हवेत जाईल.

आता मात्र सावध राहायला हवं. मेबलला मी आणखी काय काय म्हणालो आहे, ते आठवून घाम फुटतो.

ऐक, म्हणजे वाच. यापुढे प्रत्येक चित्रात मी तुझ्याशी एकदा तरी बोलेन. सूड, प्रेम, मरण, काहीही चाललेलं असो. कोणाला कळणार नाही. सबंध अमेरिकेत फक्त तुला ऐकू जाईल.

आणि मी नाताळला येतो. आता अडवणारं कोणी नाही.

जोएल


कार्व्हर्स लँडिंग
६ डिसेंबर १९१२

प्रिय जोएल,

या नाताळला नको. छप्पर गळतं आहे, सुतार घरात आहेत. पुढे बघू.

पडद्यावर बोल. मी दर शनिवारी जाते.

डॉर्कस


कार्व्हर्स लँडिंग
२ जून १९१९

प्रिय जोएल,

तुझं नवं चित्र शनिवारी लागलं. तबेला जाऊन आता तिथे विटांचं थिएटर झालं आहे आणि बाहेर तुझं नाव रंगवतात, तिसऱ्या क्रमांकावर. मिस टॉलिव्हर गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं, तेव्हापासून गिऱ्हाइकं पाटीवर लिहून विचारतात, "तो दुष्ट माणूस खरंच तुमचा भाऊ का?" मी मान हलवते.

तू खिडकीशी उभा राहून घोडेस्वारांची वाट बघत होतास. पाटीवर आलं, 'ते येत आहेत!' तू म्हणालास, "डॉर, इर्मा गेली. घर फार मोठं आहे."

तू कॅलिफोर्नियाला गेल्यापासून चित्र इथे पोचायला महिने लागतात. मागच्या आठवड्यात आलेल्या तुझ्या पत्रात मात्र लिहिलं आहे की इर्मा मजेत आहे, बागेत मेजवानी झाली, चिनी कंदील लावले होते. कोणावर विश्वास ठेवू, तुझ्या पत्रावर की तुझ्या तोंडावर?

लग्नानंतर तुझी बायको म्हणून इर्माचं एकच पत्र मला आलं. चांगलं होतं. घाईत लिहिल्यासारखं होतं.

वाळला आहेस. ते मिशांनी लपत नाही.

डॉर्कस


लॉस एंजेलिस
११ जून १९१९

प्रिय डॉर,

तोंडावर विश्वास ठेव.

मेजवानी झाली हे खरं आहे. कंदीलही होते. इर्मा जानेवारीतच गेली. भांडण झालं नाही. म्हणाली, "तू दिवसभर कॅमेऱ्याशी बोलतोस आणि घरी येऊन गप्प बसतोस."

इथे सगळे मला ओळखतात आणि बाया फुटपाथ बदलतात. परवा बेकरीत एका आजीने मला छत्रीने मारलं, कारण मी कोणत्या तरी चित्रात विधवेची गाय विकली होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कितीतरी दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता.

दारात संत्र्याचं झाड आहे. फळं पडतात, मी उचलत नाही. तू ये ना, डॉर. नाहीतर मला तरी येऊ दे. दरवर्षी विचारतो. कधी छप्पर, कधी फ्लूची साथ, कधी ईस्टरच्या टोप्यांची घाई. इतकं गळणारं छप्पर ओहायोत दुसरं नसेल.

जोएल


कार्व्हर्स लँडिंग
३० जून १९१९

प्रिय जोएल,

संत्री उचलत जा, माश्या होतात.

यंदा जमणार नाही. शिवणाऱ्या मुली दोघीही लग्न करून गेल्या. रागावू नकोस.

डॉर्कस


लॉस एंजेलिस
१४ ऑक्टोबर १९२९

प्रिय डॉर,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. कामं लहान होत गेली, मागच्या वर्षी एका चित्रात मला दार उघडून "गाडी तयार आहे" एवढंच म्हणायचं होतं आणि तेवढ्यातच तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्या लागल्या.

पण आता बघ! बोलपट आले आणि सगळं उलटंपालटं झालं. देखणे देखणे नायक तोंड उघडतात आणि कोंबडं आरवावं तसा आवाज निघतो. स्टुडिओत नुसती रडारड. मग कोणाला तरी आठवलं की म्हातारा फेरिस नाटकातला आहे. मला एका खोलीत नेलं, माइकसमोर उभं केलं. मी एक जुनं स्वगत म्हटलं. काचेमागचा तंत्रज्ञ बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, हे इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं?"

म्हाताऱ्या वकिलाची भूमिका आहे, मध्यवर्ती. कोर्टात सलग मोठं भाषण. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा सेटवर सुतारसुद्धा टाळ्या वाजवत होते. एकोणपन्नासाव्या वर्षी मला माझा आवाज परत मिळाला, डॉर. नाव सगळ्यात वर असेल.

बघितलंस की लगेच लिही.

जोएल


कार्व्हर्स लँडिंग
९ फेब्रुवारी १९३०

प्रिय जोएल,

चित्र पाहिलं. फारच छान. भाषणाला सगळे रडत होते. तुझा आवाज उत्तम लागला आहे. सूटही शोभतो.

इथे थंडी खूप आहे.

डॉर्कस


लॉस एंजेलिस
१८ फेब्रुवारी १९३०

डॉर्कस,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. 'तुझा आवाज उत्तम लागला आहे.' हे तू लिहितेस? मला?

पूर्वी मी एका दृश्यात नुसता घोडा बांधला तरी तू दोन पानं लिहायचीस, माझा डावा खांदा उतरला आहे म्हणून. या वेळी चार ओळी. तू गेलीच नाहीस, हो ना? कोणाला तरी विचारून लिहिलंस.

इतकी वर्षं जे मनात आहे ते आज लिहूनच टाकतो. तुला माझी लाज वाटते. अंधारात बसून पडद्यावरचा भाऊ बघायला हरकत नाही, पण तोच भाऊ दिवसाढवळ्या कार्व्हर्स लँडिंगच्या रस्त्यावरून तुझ्या शेजारून चालायला नको. पाद्र्याच्या मुलीचा भाऊ नट. छपरं गळतात ती त्यासाठी.

पपांनी निदान दार तोंडावर तरी लावलं. तू अठरा वर्षं ते हळूहळू लावते आहेस.

जोएल


कार्व्हर्स लँडिंग
२ मार्च १९३०

जोएल,

बैस आणि वाच.

मी गेले होते. सगळ्यात आधी जाऊन बसले होते, नवी टोपी घालून. चित्र सुरू झालं आणि मी पाटीची वाट बघत राहिले. पाटी आली नाही. एकही नाही. माणसं एका जागी खिळल्यासारखी उभी, कोणी भिंतीकडे तोंड करून बोलतंय, कोणी पाठमोरं. तू टेबलावरच्या फुलांच्या कुंडीशी बोलत होतास. माइक तिच्यात लपवला होता, असं नंतर पेपरात वाचलं. मोठं भाषण तू ज्युरीकडे वळून केलंस. मला तुझा कान दिसत होता.

आजूबाजूला सगळं थिएटर रडत होतं, अनोळखी माणसं, ज्यांना तू कधी एक शब्दही लिहिला नाहीस. त्या सगळ्यांना तू ऐकू येत होतास. मला नाही. मी मधोमध बसले होते. उठले असते तर लोकांनी बघितलं असतं.

तुला हे कसं लिहिणार होते? तुला आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं मिळालं होतं.

आता दुसरं. तुझी लाज मला कधीच वाटली नाही. माझी वाटते.

ताप उतरल्यावर मी बोलत होते, पूर्वीसारखीच, असं मला वाटायचं. एकदा दुकानाबाहेर शाळेतली मुलं माझी नक्कल करताना मी काचेतून पाहिली. तोंडं कशी वाकडी करत होती, मान कशी ताणत होती. मिस टॉलिव्हर भली बाई, तिने पाटीवर लिहिलं, 'गिऱ्हाइकांशी तू नाही बोललीस तरी चालेल.' तेव्हापासून मी बोलत नाही. एवढी वर्षं पाटीवरच. मिसेस योकमशी बोलायचे, त्या गेल्या.

पपांचा आवाज तसा, तुझा तसा, आणि माझा कसा आहे हे मलाच माहीत नाही. तू आवाजावर जगणारा माणूस. तू घरात आलास आणि मी तोंड उघडलं, तर तू पाठ फिरवशील अशी भीती नव्हती मला. तू नट आहेस, तू चेहरा सांभाळशील. आणि मी चेहरे वाचते, जोएल.

डॉर्कस


आगगाडीत, सेंट लुइस सोडल्यावर
२७ मे १९३०

प्रिय डॉर,

गाडी हलते आहे, अक्षराकडे बघू नकोस.

तुझ्याकडे न कळवता आलो होतो, कारण कळवलं असतं तर छप्पर गळलं असतं. तू दार उघडलंस तेव्हा मी ओळखलंच नाही. मनात तू अजून एक्स्चेंजच्या खुर्चीतली मुलगी होतीस. तूही क्षणभर माझ्या मागे पाहिलंस, जणू कोणीतरी उंच माणूस यायचा राहिला होता. पडद्यावर मी उंच दिसतो, मला माहीत आहे.

पहिला दिवस किती वाईट गेला! दोघं टेबलाशी बसलो, मधे पाटी. तू लिहिलंस, 'कॉफी?' मी लिहिलं, 'चालेल.' तीस वर्षांनी भेटलेली भावंडं, आणि कॉफी घेऊन झाल्यावर लिहायला काही नव्हतं. मला वाटलं, आपण एकमेकांना पत्रातच बरे होतो. सकाळची गाडी बघायचं मी ठरवलंही होतं.

दुसऱ्या दिवशी बटाटे सोलता सोलता मी तुला काहीतरी सांगायला लागलो, ओठ अगदी ताणून ताणून, प्रत्येक अक्षर सुटं करून. तू सुरी खाली ठेवलीस आणि तोंड उघडलंस. "एवढं तोंड वेडंवाकडं करू नकोस. मी बहिरी आहे, मठ्ठ नाही."

मी चेहरा सांभाळला नाही, डॉर. तू पाहिलंस. जमलंच नाही. हातातला बटाटा पडला आणि मी लहान मुलासारखा रडलो.

तुला जाणून घ्यायचं आहे ना, कसा आहे तुझा आवाज? तू तिथे विचारलं नाहीस, म्हणून इथून लिहितो, आणि खोटं लिहिणार नाही. गोड नाही. जाड आहे, सपाट आहे, मधेच उंच चढतो आणि तिथून खाली यायचं विसरतो. पहिल्या दिवशी ऐकला तर माणूस दचकेल. पोरांनी नक्कल केली असेल, पोरं करतात.

पण तिसऱ्या दिवशी मी अंगणात पाठमोरा उभा होतो आणि आतून तो आवाज आला. तू मांजरीला रागवत होतीस. मला वळून बघावं लागलं नाही. घरात कोणीतरी आहे, हे मला पाठमोरा असतानाच कळलं. कॅलिफोर्नियातल्या घरात मी कितीतरी वर्षं असा उभा राहत आलो आहे आणि मागून काही आलेलं नाही.

बोलपटांत मला आता कामं आहेत, किती दिवस ते देव जाणे. सोडून ओहायोला ये म्हणालीस तर येईन, पण तू म्हणणार नाहीस. म्हणून मी म्हणतो. तू ये. राहायला ये. खालची खोली रिकामी आहे, तिला उजेड चांगला आहे. दिवसभर मी लोकांच्या कुंड्यांशी बोलेन आणि घरी येऊन तुझ्यासमोर बसेन.

बोल माझ्याशी. जसा आहे त्या आवाजात.

जोएल


कार्व्हर्स लँडिंग
१९ ऑगस्ट १९३०

प्रिय जोएल,

उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा 'नाही' लिहून ठेवलं होतं.

काल दुकानात मिसेस प्रुएटची सून आली. मी पाटी उचलली नाही. म्हणाले, "निळी टोपी तुला शोभत नाही, तपकिरी घे." ती दचकली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, नजर वळवली नाही. मग तिने तपकिरी घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "खरंच की." संपलं. एवढंच असतं ते. अठरा वर्षं मी एवढ्याला घाबरले.

घरी येऊन जोरात रागावले, भिंतींवर. मांजर कपाटाखाली गेली.

दुकान तिच्याच नवऱ्याने घेतलं. घर चर्च घेतं आहे, नव्या पाद्र्याला लहान मुलं आहेत. आईची पिसांची रजई बरोबर आणते, तुमच्याकडे थंडी नसते हे माहीत आहे, तरी आणते. मांजरही येईल. ते छप्पर खरंच गळतं, हे नव्या पाद्र्याला सांगितलं आहे.

भीती वाटत नाही असं नाही. या वयात नदी सोडून जाणारी बाई या गावाने पाहिलेली नाही. तू दिवसभर कामावर जाशील आणि मी अनोळखी गावात, जिथे कोणाचे ओठ मला माहीत नाहीत. काही दिवस आपण भांडू. मी चूक काढते, तू रुसतोस, ते काही बदललेलं नाही.

गाडी तीन सप्टेंबरला सकाळी पोचते. गर्दी असेल. हाका मारत सुटशील, तुझी सवय मला माहीत आहे, सबंध स्टेशन वळून बघेल आणि मी मात्र भलतीकडे चालत जाईन. हाक मारू नकोस. मला दिसशील अशा जागी उभा राहा.

डॉर